अकराचा आकडा

"अकरा येतोय," एवढंच धाकटा फोनवर म्हणाला आणि मी पलंगावर पडल्या पडल्या निदान करून मोकळा झालो.

रंगपंचमी होती. इंदुरात त्या दिवशी कोणी काम करत नाही. राजवाड्याकडे गेर, म्हणजे रंगाची मिरवणूक, निघते, जेल रोडचा बाजार बंद असतो, आणि धड कपडे घालून घराबाहेर पडणारा माणूस पाहुणाच असतो. पण लोकमान्य नगरातले हे काका माझे जुने गिऱ्हाईक. त्यांचा धाकटा मुलगा दुसऱ्या दिवशी रात्री बंगळुरूला परतणार होता. त्याआधी घरच्या जुन्या नॅसवरचा, म्हणजे नेटवर्कला जोडलेल्या, फाईली साठवायच्या पेटीवरचा सगळा माल, जवळजवळ 1.4 टीबी, त्याला आपल्या बाहेरच्या डिस्कवर उतरवून न्यायचा होता. विंडोज सांगत होतं, अजून 35 तास.

आता हा अकरा, म्हणजे सेकंदाला अकरा एमबी. 100 एमबीपीएसच्या (सेकंदाला 100 मेगाबिट, आठ बिटांचा एक बाइट) जोडणीतून हिशेबाने सेकंदाला 12.5 एमबी जातात, वाटखर्च वजा जाता अकरा-सव्वाअकरा हातात पडतात. वायफाय असेल तर आकडा झुलतो, डिस्क आजारी असेल तर गचके देतो. अकरावर खिळून बसला की समजावं, वाटेत कुठेतरी शंभराचा नाका आहे. ज्याला हा आकडा ओळखता येत नाही त्याने नेटवर्कच्या कामात पडू नये, असं मी पोरांना नेहमी सांगतो.

धाकटा स्वतः सॉफ्टवेअरवाला, त्यामुळे त्याने आधीच बरंच काही करून ठेवलं होतं. ही पेटी 2011 च्या आसपासची, तिला एसएमबीची, म्हणजे नेटवर्कवरून फाईली देण्याघेण्याच्या भाषेची, पहिली, जुनी बोलीच येते. 2017 च्या मे महिन्यात वॉनाक्राय या खंडणी मागणाऱ्या व्हायरसने त्याच बोलीच्या भगदाडातून धुमाकूळ घातला, आणि त्याच वर्षीपासून नव्या विंडोज 10 मध्ये ती बंदच येऊ लागली. ती त्याने शोधून चालू केली होती. "आणि दोष केबलचा नाही बरं का, लॅपटॉपवर एक गिगाबिट दाखवतंय," म्हणजे शंभराच्या दहापट, असंही ठासून सांगितलं. सॉफ्टवेअरवाले इथेच फसतात. लॅपटॉपला फक्त पुढच्या स्विचपर्यंतचं, म्हणजे घरातल्या नेटवर्कच्या तारा जिथे एकत्र येतात त्या डबीपर्यंतचं, दिसतं. स्विचपासून पेटीपर्यंत काय चाललंय ते स्विचच्या दिव्याला विचारावं लागतं. जाऊन पाहिलं तर तो दिवा नारिंगी, म्हणजे शंभराचाच होता.

तार मागच्या खोलीत माळ्यावर जात होती. तारेतले आठ धागे तपासायचा टेस्टर लावला: एक, दोन, तीन, चौथा अंधार, पाचवा अंधार, सहा, आणि पुढे सात-आठही अंधार. कनेक्टर कापून आवरण सोललं तर आत नारिंगी आणि हिरवी जोडी, बस. निळी जोडी बाहेरच्या बाहेर वळवून खिडकीशेजारच्या टेलिफोनच्या डबीत नेलेली, तपकिरी मुडपून टेपखाली दाबलेली. कोण्या एका भियाने एकाच तारेत नेट आणि लँडलाइन दोन्ही बसवली होती. त्याला मी नावं ठेवणार नाही. शंभराला दोनच जोड्या लागतात, आणि तेव्हा घरात स्विचही शंभराचाच असणार. पुढे स्विच गिगाबिटचा आला, फोन बंद पडला, डबीवर रंगाचे दोन हात चढले, तार मात्र अर्धीच राहिली. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. दोन्ही टोकांना पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा असे आठही धागे ओळीने बसवून क्रिम्प केले. दिवा हिरवा झाला.

वेग 38. एवढ्या जुन्या प्रोसेसरकडून मी चाळिसाच्या वर अपेक्षाही धरली नव्हती.

इथवरची गोष्ट मी कोणालाही चहा पिता पिता रंगवून सांगतो. यापुढची सांगत नाही.

काका शेव-परमलची बशी घेऊन शेजारी येऊन बसले होते. त्यांना 38 दाखवावा म्हणून मी चार जीबीची एक फाईल पेटीवर टाकली. मग धाकट्याला बोलावून पुन्हा. मग काकूंना, ज्यांना त्यात काडीचाही रस नव्हता, तिसऱ्यांदा. तिसऱ्या खेपेला वेग 38 वरून शून्यावर आला, सात-आठ सेकंद तिथेच बसला, पुन्हा 38, पुन्हा शून्य.

तेव्हा कुठे मी ब्राउझरात पेटीचं पान उघडून डिस्कांची तब्येत बघितली. रेड वन, म्हणजे दोन डिस्कांवर एकच नक्कल. पैकी दुसरी डिस्क 14 महिन्यांपूर्वीच बाद झालेली. पहिलीच्या स्मार्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची ठेवते त्या नोंदीत, 197 क्रमांकाच्या ओळीत, म्हणजे वाचता न येणाऱ्या सेक्टरांच्या (डिस्कवरच्या बारक्या कप्प्यांच्या) खात्यात, 312. तिथे शून्य हवं.

"काकू, हिने कधी आवाज केला होता?"

"केला की! रात्रभर पीं पीं. मग एकाला बोलावलं, त्याने बंद करून दिलं. दोनशे रुपये घेतले."

धोक्याची घंटा बंद करण्याचे दोनशे रुपये! या माणसाला मात्र मी नावं ठेवतो.

अशा वेळी डिस्क काढून तिची सबंध नक्कल उतरवावी, मग फाईलींचं बघावं. पण धाकट्याच्या डिस्कवर तेवढी जागा नव्हती आणि बाजार बंद. म्हणून पेटीतूनच, महत्त्वाचं आधी या क्रमाने काढायचं ठरवलं.

"आधी घराचे कागद," काका म्हणाले.

"कागदांचे मूळ कागद कपाटात आहेत," काकू स्वयंपाकघरातून. "आधी मुंज."

मुंजीच्या तीन कॅसेटी होत्या. बुरशी धरली म्हणून डिजिटल करून टाकून दिलेल्या. काका ऐकेनात. कागद आधी गेले, चार मिनिटांत झाले, मग मुंज. रोबोकॉपीला, म्हणजे विंडोजच्या फाईली उतरवणाऱ्या प्रोग्रामला, आधीच बजावलं की अडलं तर पुढे जा. नाहीतर तो मुळात दहा लाख वेळा, दर खेपेला 30 सेकंद थांबून, त्याच फाईलीवर डोकं आपटत बसतो. पहिली कॅसेट आली. दुसरी अडली. तिसरी आली. रात्रभरात बाकीचंही आलं, एकूण पाच फाईली सोडून. त्यांतल्या चार कसल्या ते कोणी विचारलंही नाही.

"दुसरीत मातृभोजन होतं," काकू एवढंच म्हणाल्या आणि बशी उचलून आत गेल्या.

त्या फाईलीखालचे सेक्टर मी यायच्या आधीच गेलेले असतील. बहुधा तसंच असेल. पण दाराशी चपला काढल्या काढल्या ते पान उघडलं असतं, दोन मिनिटांचं काम, तर 312 मधले किती आधीचे आणि किती माझ्या त्या तीन खेपांनंतरचे, हे तरी आज सांगता आलं असतं. आधीचा आकडा माझ्याकडे नाही. माझ्याकडे फक्त अकरा होता.

ती डिस्क आता माझ्या टेबलावर लिनक्सच्या जुन्या मशिनीला लावलेली आहे. डीडीरेस्क्यू हा आजारी डिस्कवरचा माल सोडवणारा प्रोग्राम तिला शेवटाकडून उलटं वाचतोय, कारण सरळ वाचून जिथे अडलं तिथे कधीकधी मागून शिरता येतं. काल काकांचा फोन आला.

"काय रे, स्पीड किती येतोय?"

सेकंदाला चाळीस केबी, मी सांगितलं.