सातेरीची टॉप बार पेटी: ३१ मिलिमीटरचा हिशेब

इंटरनेटवरचा टॉप बार पेटीचा आराखडा उतरवून घ्यायचा, सुताराकडून पेटी करून घ्यायची आणि तिच्यात सातेरीची, म्हणजे आपल्याकडच्या देशी पाळीव मधमाशीची, वसाहत भरायची, हे हल्ली बरेच जण करतात. दोनेक महिन्यांनी झाकण उघडावे तर एकही पट्टी सुटी निघत नाही. पोळी तिरकी जाऊन दोन-दोन, तीन-तीन पट्ट्यांना चिकटलेली असतात. यात दोष सुताराचा नसतो आणि माशीचाही नसतो. आराखडा दुसऱ्याच माशीचा असतो.

ही पेटी केनियातली. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या मदतीने १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला ती तिथे रुजली. तिच्यात चौकटी नाहीत, मेणपत्रा (पोळ्याचा पाया म्हणून द्यायचा मेणाचा तयार पत्रा) नाही, मधयंत्र नाही. एकीला एक खेटून ठेवलेल्या लाकडी पट्ट्या आणि प्रत्येक पट्टीला लोंबणारे एक पोळे, एवढाच मामला. पट्टीची रुंदी म्हणजे एका पोळ्याच्या मध्यापासून शेजारच्या पोळ्याच्या मध्यापर्यंतचे अंतर. आफ्रिकी माशीसाठी ती ३२ मिमी ठेवतात, मेलिफेरा या युरोपीय माशीसाठी ३५ मिमी. सह्याद्रीतल्या सातेरीला ३१ धरावी, कोकणातल्या लहान चणीच्या माशीला ३०. खात्री हवी असेल तर ढोलीतली किंवा भिंतीतली वसाहत काढताना पिल्लांच्या भागातली सलग पाच पोळी मोजा. पहिल्याच्या मध्यापासून पाचव्याच्या मध्यापर्यंतच्या अंतराला चारने भागले की आपल्या भागातल्या माशीचे माप हातात येते.

३५ च्या पट्टीखाली ३१ ची माशी बसवली तर दर पोळ्यामागे ४ मिमी फरक पडतो. आठव्या पोळ्यापर्यंत तो ३२ मिमी होतो, म्हणजे अख्ख्या एका पोळ्याची चूक. मग माशी तरी काय करणार? म्हणूनच पेटीच्या अठरा पट्ट्या रंधून झाल्या की सगळ्या एकत्र लावून एकूण लांबी मोजावी. ती ५५८ मिमी भरली पाहिजे. प्रत्येक पट्टीत अर्धा मिमी जास्त राहिला तरी शेवटी ९ मिमी वाढतात.

पट्टी ४० सेंमी लांब, १८ मिमी जाड. खालच्या बाजूला बरोबर मध्यावर त्रिकोणी धार काढावी, ५ ते ६ मिमी उंचीची. धार दोन्ही टोकांना ३.५ सेंमी अलीकडे थांबवावी, नाहीतर पट्टी पेटीवर सपाट बसत नाही. धारेवर सातेरीचेच मेण घासायचे. वितळलेले मेण ओतू नये. ते पसरते आणि माशीला नेमकी रेघ दिसत नाही.

पेटीच्या आतली मापे अशी: वरची रुंदी ३४ सेंमी, तळाची १२, उंची १९, लांबी ५७. या मापात बाजूच्या फळ्या उभ्या रेषेपासून साधारण ३० अंश कलतात. कललेल्या भिंतीला माश्या पोळे कमी चिकटवतात, हे या आकाराचे खरे कारण. पट्ट्या ५५.८ सेंमी जागा घेतात, उरलेल्या १२ मिमीत दाराकडच्या टोकाला एक बारीक पट्टी सरकवायची. पावसाळ्यात लाकूड फुगते. तेव्हा ही बारीक पट्टी थोडी रंधली की काम भागते, बाकी अठरांना हात लावावा लागत नाही. फळ्या किमान २० मिमी जाडीच्या, वास नसलेल्या, चांगल्या वाळलेल्या लाकडाच्या असाव्यात. आतून रंग नको. बाहेरून जवसाचे तेल पुरते. गाडीचे जळके ऑइल फासण्याची सवय सोडा. दार म्हणजे एका टोकाच्या फळीत खाली ७ मिमी उंच, ६ सेंमी लांब फट. इतक्या फटीतून मोठी गांधीलमाशी आत शिरत नाही. पेटीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा. वाटीत वाळके पान पडले तरी मुंग्यांना पूल मिळतो, म्हणून वाट्या अधूनमधून बघाव्या लागतात.

मेलिफेरा प्रोपोलिस, म्हणजे झाडांची राळ, आणून सगळ्या फटी बुजवते. सातेरी तसे करत नाही. पट्ट्या चिकटत नाहीत हे आपल्या सोयीचे, पण फट राहिली तर ती तशीच राहते आणि मेणकिड्याचा, म्हणजे पोळी पोखरणाऱ्या किड्याचा, पतंग तिथून आत जाऊन अंडी घालतो. म्हणून पट्ट्यांवर जाड कापड अंथरून मगच छप्पर ठेवावे. छप्पर आणि पट्ट्या यांच्यात दोन-तीन बोटे हवा खेळायला हवी. पत्रा थेट पट्ट्यांवर टेकला तर एप्रिलमध्ये पोळी मऊ होऊन गळून पडतात.

वसाहत भरण्याचे काम संध्याकाळी करावे. राणी आधी पिंजऱ्यात घ्या. पिल्लांची चार-पाच पोळी कापून केळीच्या सोपटाने पट्टीला बांधा. पोळ्याची वरची बाजू वरच राहिली पाहिजे, कारण घरे किंचित वर कललेली असतात. मधाची पोळी बांधू नका. ती जड असतात, गळतात आणि मुंग्यांना आमंत्रण देतात. दोन-तीन दिवसांत माश्या पोळे पट्टीला जोडतात, मग सोपट कुरतडून बाहेर टाकतात. तोपर्यंत रोज तिन्हीसांजेला साखर-पाणी समभाग, २०० मिली द्यावे. आतमध्ये आडफळी, म्हणजे जागा विभागणारी सरकती फळी, घालून जागा सात पट्ट्यांपुरतीच ठेवा. अठरा पट्ट्यांचे रिकामे दालन छोट्या वसाहतीला ऊबेत ठेवता येत नाही.

दारावर राणी अडवणारी जाळी चार-पाच दिवस लावता येते, पण मेलिफेराची जाळी उपयोगाची नाही. सातेरीची राणी तिच्यातून निसटू शकते. वसाहतीत नुकतीच जन्मलेली कोरी राणी असेल तर जाळी लावूच नये. ती मिलनासाठी बाहेर जाऊ शकली नाही तर पुढे सगळी वसाहत नरांनी भरते.

तपासणीत मोडतोड होते ती पोळे फिरवताना. चौकटीला चार बाजूंचा आधार असतो, इथे फक्त वरचा. भरलेले पोळे किलोच्या वर जाते. पट्टी आडवी धरून पोळे पुस्तकाच्या पानासारखे उलटले की ते मुळापासून तुटलेच. आधी पट्टीचे एक टोक खाली करून पट्टी उभी करायची, तिच्याभोवती पोळे फिरवायचे, मग पट्टी पुन्हा आडवी करायची. या सबंध वेळात पोळ्याचा पृष्ठभाग उभाच राहतो. भिंतीला चिकटलेला भाग पातळ सुरीने खालून वर कापावा. वरून खाली दाबले की ताण पट्टीच्या जोडावर येतो. पांढरे कोवळे पोळे दुपारच्या उन्हात काढूच नये.

वाकडे पोळे पहिल्याच आठवड्यात बोटाने सरळ करता येते. उशीर केला तर पुढची सगळी पोळी त्याच्याकडे बघून वाकडी होतात. नवी पट्टी द्यायची ती दोन सरळ पोळ्यांच्या मध्ये, पण पिल्लांच्या गोलाच्या कडेला. गोल मधोमध फोडला तर कमजोर वसाहतीत पिल्ले थंडीने मरतात.

सातेरी जुनी काळी पोळी स्वतःच कुरतडते आणि भुगा तळाला टाकते. मेणकिड्याच्या अळ्या या भुग्यातच वाढतात. म्हणून तळाची फळी बिजागरीवर करावी आणि दर आठवड्याला खाली उघडून झाडावी. दोन मिनिटांचे काम, आणि मेणकिड्यामुळे पेटी सोडून जाणाऱ्या वसाहती बऱ्याच प्रमाणात थांबतात. माश्यांनी न झाकलेली रिकामी पोळी पेटीत ठेवू नयेत. कापून मेण करावे.

घरांत अळ्या उभ्या, टोक वर करून मेलेल्या आणि चिमट्याने उचलल्या तर पाण्याच्या पिशवीसारख्या लोंबत असतील तर तो थाई सॅकब्रूड हा अळ्यांचा रोग. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला दक्षिण भारतातल्या सातेरीचा त्याने फडशा पाडला होता. हा विषाणूचा रोग असल्यामुळे अँटिबायोटिक देण्यात अर्थ नाही. राणी दोन-तीन आठवडे पिंजऱ्यात ठेवून अंडी थांबवावी, आणि त्या पेटीतले एकही पोळे दुसरीकडे नेऊ नये. मेलिफेरा पाळणारे ज्या व्हरोआ या बारीक परजीवीने बेजार असतात तो मात्र सातेरीत सहसा नर पिल्लांवरच वाढतो. त्याची फार चिंता करू नका.

मध दारापासून लांबच्या पोळ्यांत साठतो. तीन चतुर्थांश घरे मेणाने बंद झालेली असतील तेच पोळे घ्यायचे. पट्टीला एक सेंमी पोळे ठेवून बाकी कापावे, म्हणजे पुढचे पोळे त्याच रेषेत येते. कुस्करून मलमलीतून रात्रभर गाळावे. भांडे झाकलेले असावे, कारण दमट हवेत मध पाणी ओढतो आणि आंबतो. मधाबरोबर पोळेही जाते आणि नवे मेण करायला माश्यांचा मध खर्च होतो. त्यामुळे चौकटीच्या पेटीपेक्षा उत्पन्न कमीच. जास्त मध हेच ध्येय असेल तर ही पेटी घेऊ नये.

जांभूळ-हिरड्याचा हंगाम सरल्यावर हात आखडता घ्यावा. घाटात जूनपासून माश्यांना आठवडेच्या आठवडे बाहेर पडता येत नाही. निदान तीन भरलेली पोळी आत सोडावीत, आडफळी सरकवून जागा कमी करावी आणि पेटी दाराकडे बोटभर उतरती ठेवावी, म्हणजे आत साचलेले पाणी दारातून निघून जाते.