लेकीची कार सीट आणि चार बोटांचा सैलपणा

लेक आठ महिन्यांची असताना पुण्याहून साताऱ्याला निघण्याच्या आदल्या संध्याकाळी मी तिची कार सीट हलवून पाहिली आणि ती चांगली चार बोटे सरकली. दुकानातल्या माणसाने बसवून दिलेल्या त्याच सीटवर आम्ही तिला दोन महिने शहरभर फिरवले होते, या विचाराने मला त्या रात्री झोप लागली नाही.

माहितीपुस्तिका घेऊन बसल्यावर चूक सापडली. आमची सीट दोन्ही दिशांनी बसवता येणारी आहे. मूल मागे तोंड करून बसणार असेल तर गाडीचा पट्टा निळ्या खुणांमधून आणि पुढे तोंड करून बसणार असेल तर लाल खुणांमधून न्यायचा असतो. आमची सीट मागे तोंड करून ठेवलेली असताना पट्टा मात्र लाल खुणांमधून गेला होता, शिवाय त्याला एक पीळही होता. मी पट्टा सोडवला, सरळ केला, निळ्या खुणांमधून ओवला आणि गुडघ्याने सीट खाली दाबून धरत उरलेली सगळी ढील खेचून घेतली. सीट नीट बसली की नाही, हे पट्टा जिथून जातो तिथे धरून पाहायचे असते. तिथे ती इंचापेक्षा जास्त हलता कामा नये. मागे तोंड केलेल्या सीटचा वरचा भाग थोडा हलतो, त्याने घाबरू नये.

या वयात मूल मागे तोंड करूनच बसवावे, याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. तान्ह्याचे डोके शरीराच्या मानाने जड आणि मान कोवळी असते. समोरून धडक बसली तर सीटची पाठ डोके, मान आणि पाठ यांना एकत्र आधार देते. मात्र चालू एअरबॅग असलेल्या पुढच्या आसनावर अशी सीट कधीही ठेवू नये. सीटचा कलही गाडी सपाट जागी उभी करून तपासावा, कारण ती फार उभी राहिली तर झोपलेल्या बाळाची हनुवटी छातीला टेकून श्वासाला अडथळा होतो.

आयसोफिक्स, म्हणजे पट्ट्याऐवजी गाडीतल्या पक्क्या कड्यांना सीट थेट अडकवायची सोय, असलेल्या गाडीत काम सोपे होते, पण तिथेही दोन्ही बाजूंची खूण हिरवी झाल्याखेरीज आणि सीटला आधाराचा पाय किंवा वरचा पट्टा असल्यास तो लावल्याखेरीज थांबू नये.

सकाळी सासूबाईंनी लेकीला जाड दुपट्यात गुंडाळून, कुंची घालूनच आणले.

“आई, आधी पट्टे बांधू, दुपटे वरून घालू,” मी म्हणाले.

“अगं, मांडीवर घेते की मी, किती छान झोपेल!”

२०१९च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यानुसार चौदा वर्षांखालील मूल पट्ट्याविना नेल्यास हजार रुपये दंड आहे. पण मी त्यांना दंड सांगितला नाही. अचानक ब्रेक लागला तर आठ किलोचे बाळ धरून ठेवण्याएवढे बळ कोणाच्याच हातांत नसते, एवढेच सांगितले. मग त्यांनीच दुपटे काढले. खांद्यावरचा पट्टा मी चिमटीत धरून पाहिला. चिमटीत घडी आली, म्हणून आणखी आवळला. दुसऱ्यांदा बोटे नुसती घसरली.

शिरवळच्या अलीकडे ती रडू लागली, तेव्हा आम्ही गाडी बाजूच्या हॉटेलच्या आवारात थांबवली, तिला बाहेर काढून दूध पाजले आणि वीस मिनिटांनी पुन्हा पट्टे बांधून निघालो.