दहा डॉलरचा सौदा आणि आबांचे दोन माग

आबांना ऐकू कमी येतं. पंचवीस वर्षं मागाच्या खडखडाटात काढल्यावर दुसरं काय होणार? आमच्या सोलापूरच्या पूर्व भागात बोळागणिक असा एक तरी म्हातारा आहे, जो टीव्ही स्वतः ऐकत नाही, गल्लीला ऐकवतो. त्यामुळे मागच्या रविवारी मी 'द लेडी ईव्ह' लावून त्यांच्या शेजारी बसलो तेव्हा बायको म्हणाली, "इंग्रजी, तेही काळं-पांढरं, आणि दाखवताय कुणाला तर आबांना!"

तिचं बरोबर होतं. हा सिनेमा लिहिणारा आणि दिग्दर्शित करणारा प्रेस्टन स्टर्जेस ओळखला जातो संवादांसाठी. त्याची पात्रं एकमेकांची वाक्यं तोडत इतकं भरभर बोलतात की खालची अक्षरं वाचताना माझीच दमछाक होते. पण हाच माणूस पडापडीलाही कमी लेखत नाही. नट हेन्री फोंडा ह्या सिनेमात सापांचा अभ्यास करणारा श्रीमंत घरचा भोळा मुलगा. बोटीवर ज्या पत्तेबाज पोरीने त्याला घोळात घेतलं, तीच पुढे इंग्रज सरदारीण बनून त्याच्या घरी जेवायला येते. आणि हा तिच्याकडे बघता बघता सोफ्यावरून उलटा जातो. कपडे बदलून येतो. मग पडदा अंगावर घेतो. परत बदलून येतो, तर वाढणाऱ्याच्या हातातलं ताट अंगावर.

आबा आधी नुसते गालात हसत होते. ताट पडलं तेव्हा त्यांनी मांडीवर थाप मारली. "आता ह्याच्याकडं सूट तरी उरला का बे?"

मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. त्यामुळे स्टर्जेस माझ्या डोक्यात शिरला तो एका आकड्याने. १९३३ साली त्याने लिहिलेली एक पटकथा बरीच वर्षं कुणी घेईना. लाच आणि बोगस मतांच्या जोरावर वर चढलेल्या पुढाऱ्याची गोष्ट होती ती. दरम्यान हॉलिवूडमध्ये तो चांगले पैसे कमावत होता, पण आपलं लिहिलेलं दुसरे दिग्दर्शक बिघडवतात म्हणून धुसफुसायचा. शेवटी त्याने पॅरामाउंट स्टुडिओला ती पटकथा दिली १० डॉलरला. अट एकच, दिग्दर्शन मी करणार. 'द ग्रेट मॅकगिंटी' १९४० मध्ये आला, आणि मूळ पटकथेसाठीचं पहिलंवहिलं ऑस्कर त्यालाच मिळालं.

हे मी आबांच्या कानाशी ओरडून सांगितलं. ते म्हणाले, "मग माग त्याचा झाला की."

आमच्या घरात ह्या वाक्याला इतिहास आहे. आबा दुसऱ्याच्या कारखान्यात जॉबर, म्हणजे मागांची देखभाल करणारे, होते, पगार चालू होता. तो सोडून त्यांनी दोन जुने माग घेतले, घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये बसवले. हातात पगारापेक्षा कमी यायचं. आई सुताच्या कांड्या भरताना रोज हिशेब ऐकवायची. मागाचा धोटा अडकला की आबा मात्र मालकाच्या थाटात उठायचे. सहा वर्षांनी दोन्ही माग भंगारात किलोवर गेले. त्या दिवशी ते जेवले नाहीत, एवढं मला आठवतं.

स्टर्जेसचं नशीब लहानपणापासूनच अचाट. त्याच्या आईची मैत्रीण म्हणजे नर्तिका इझाडोरा डंकन. १९२७ मध्ये नीसला मोटारीच्या चाकात जो स्कार्फ अडकून ती गेली, तो ह्याच्याच आईने दिलेला. आईच्या सौंदर्यप्रसाधनांच्या धंद्यात ह्याने चुंबनाने न पुसणारी लिपस्टिक काढली होती. हे सिनेमात घातलं असतं तर आपण म्हणालो असतो, काय फेकतोय.

पॅरामाउंटसाठी त्याने आठ चित्रपट केले, १९४० ते १९४४ ह्या काळात पडद्यावर आलेले. त्यातल्या दोन चित्रपटांच्या पटकथांना एकाच वर्षी ऑस्करचं नामांकन होतं. पण त्याच सुमारास त्याने सनसेट बुलेव्हार्डवर 'द प्लेअर्स' नावाचं हॉटेल काढलं आणि सिनेमातून आलेला पैसा तिथे ओतत गेला. सोलापुरात असे खूप बघितलेत मी. चादरीत कमावतात आणि हॉटेलात घालवतात, आणि हॉटेल का काढलं विचारलं तर म्हणतात, चार माणसं येतात, बसतात, बरं वाटतं. तोही रात्री तिथेच बसलेला असायचा म्हणे.

स्टुडिओशी पटेना, तो बाहेर पडला. उद्योगपती हॉवर्ड ह्यूजेसबरोबर भागीदारी केली, तीही मोडली. मग एकेक चित्रपट पडत गेला. १९५९ मध्ये न्यूयॉर्कच्या अल्गॉन्क्विन हॉटेलात, आत्मचरित्र लिहीत असताना, साठीतच गेला. 'द प्लेअर्स'चा धंदा त्याच्या आधीच बुडाला होता.

ह्या रविवारी मी 'सलिव्हन्स ट्रॅव्हल्स' लावला. विनोदी चित्रपट काढणाऱ्या दिग्दर्शकाला गंभीर व्हायचं असतं, म्हणून तो भिकाऱ्याच्या कपड्यांत, खिशात दहा सेंट घेऊन गरिबी बघायला निघतो. मला हा त्याचा सगळ्यात मोठा चित्रपट वाटतो. बेड्या घातलेले कैदी चर्चमध्ये बसून कार्टून बघतात आणि हसत सुटतात, तो प्रसंग मी तीनदा बघितलाय. तिथे आबांना हलवून उठवायचं ठरवलं होतं.

त्याच्या आधीच ते आपोआप जागे झाले. चष्मा शोधला, पडद्याकडे मिनिटभर बघितलं.

"तो पडणारा कुठं गेला रे?"