दोन्ही हातांचा एक्स-रे
आज एकदाचा जीव भांड्यात पडला. चार दिवसांपूर्वी धाकटा भाऊ बाईकवरून घसरून हातावर पडला, मनगट सुजलं, एक्स-रे काढला तर म्हणाले स्कॅफॉइड आणि लुनेट या हाडांमधली फट ३ मिलिमीटरपेक्षा जास्त आहे, लिगामेंट (हाडांना एकमेकांशी बांधून ठेवणारा पट्टा) तुटलंय, ऑपरेशन करावं लागेल. आईचं जेवणच गेलं. आज दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलो, त्यांनी आधी मनगट दाबून वाकवून बघितलं (पहिल्या ठिकाणी कोणी हातसुद्धा लावला नव्हता, याचा खरंच राग येतो), फट आहे तिथे दुखतच नव्हतं, मग म्हणाले चांगल्या हाताचाही काढून आणा. दोन्ही फिल्म शेजारी लावल्या तर फट दोन्हीकडे तेवढीच! आणि लुनेटच्या पलीकडचं ट्रायक्वेट्रम नावाचं हाड दोन्ही हातांत लुनेटला जन्मापासूनच जोडलेलं, मधे काळी रेघच नाही. मनगटात ८ हाडं असतात, याची त्यातली दोन मिळून एकच. अशा लोकांत लिगामेंट शाबूत असूनही ती फट रुंद दिसू शकते म्हणे. बाकी नुसता मुका मार. स्प्लिंट लावलाय, दहा दिवसांनी परत दाखवायचंय. आईने आत्ता कुकर लावलाय.