तांबं मुशीत उतरलं, जस्त झाकणावरून उडालं

मागच्या नोंदीत चिनीमातीची मूस (धातू वितळवायचं भांडं) तडकल्याचं रडगाणं गायलं होतं. आता ग्रॅफाइट-मातीची मूस आणलीय. भाता म्हणून जुना हेअर ड्रायर, आतली कॉइल काढून टाकलेला. त्याची नळी लोणारी कोळशाच्या तळाशी घुसवली की दहा मिनिटांत निखारे पिवळे दिसायला लागतात.

ठरवलंय असं: अभिक्रियाशीलता श्रेणी, म्हणजे सर्वांत क्रियाशील धातू वर आणि सर्वांत थंड खाली अशी यादी, शाळेत वरून खाली पाठ केली, आता ती खालून वर चढत एकेक धातू काढायचा. सोनं आपणच मोकळं सापडतं, म्हणून पहिली पायरी तांबं.

तांबं, पहिला प्रयत्न (फसला)

२५ ग्रॅम मोरचूद (कॉपर सल्फेट) पाण्यात विरघळवला आणि त्यात धुण्याच्या सोड्याचं द्रावण ओतलं. फसफसून हिरवट-निळा साका बसला. साका गाळून, वाळवून तव्यावर तापवला की तो काळा पडतो. हे कॉपर ऑक्साइड. त्यात कोळशाची पूड मिसळून मूस भरली, झाकण ठेवलं, पाऊण तास भाता चालवला.

गार झाल्यावर आत राखाडी-काळा, चकाकणारा गोळा. आनंदाने हातोडी मारली तर चुरा झाला! तांबं असं फुटत नाही, चपटं होतं. चुऱ्यावर पाणी पडलं आणि सडक्या अंड्यांचा वास सुटला, तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. साका धुवायचा आळस केला होता. त्यात सोडिअम सल्फेट राहिलं, कोळशाने त्याचं सल्फाइड केलं, आणि ते गंधक तांब्याने धरलं. गंमत म्हणजे खाणीतून येणारं बहुतेक तांबंही गंधकाशी जोडलेलंच असतं. कारखान्यात लोक गंधक हाकलण्यासाठी एवढा खटाटोप करतात, आणि मी ते स्वतःच्या हाताने घातलं.

तांबं, दुसरा प्रयत्न

साका सहा वेळा धुतला. हे कंटाळवाणं काम आहे: पाणी घाला, बसू द्या, वरचं पाणी ओता, पुन्हा तेच. हिशेबाने आठ ग्रॅम ऑक्साइडला ०.६ ग्रॅम कोळसा पुरतो, पण मी दोन ग्रॅम घातला. खालच्या निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड येतोच, म्हणून हे काम उघड्यावरच करा, घरात तर मुळीच नको.

या वेळी झाकण उचलल्यावर आत गुलाबी, भुसभुशीत स्पंज. क्षपण झालं, वितळणं नाही. ही दोन कामं वेगळी आहेत हे मला हाताने कळलं: ऑक्साइडमधून ऑक्सिजन काढायला खूप कमी तापमान लागतं, पण तांबं वितळायला १०८५ अंश हवेत. चिमूटभर टाकणखार घातला, भाता आणखी वीस मिनिटं चालवला, कोळसा दोनदा भरला. मूस उलटी केली तेव्हा मटाराएवढा मणी टणकन फरशीवर पडला. वजन ४.१ ग्रॅम. २५ ग्रॅम मोरचूदातून जास्तीत जास्त ६.४ निघायला हवं होतं. उरलेलं काचेसारख्या मळीत बारीक गोळ्यांच्या रूपात अडकलंय, भिंगातून छान दिसतं.

मणी घासून बघितला. असा रंग विकतच्या तारेत दिसत नाही, निदान मला तरी.

मध्येच एक उपप्रयोग: ॲल्युमिनिअमचा हटवादीपणा

श्रेणीप्रमाणे ॲल्युमिनिअमने मोरचूदाच्या द्रावणातून तांबं झटकन बाहेर काढायला हवं, लोखंडाच्या खिळ्यापेक्षाही लवकर. खिळा मिनिटभरात लाल झाला. ॲल्युमिनिअमची पट्टी अर्धा तास तशीच चकचकीत. मग चिमूटभर मीठ टाकलं. द्रावण हिरवट झालं, पट्टीवर तपकिरी ठिपके उमटले, बुडबुडे आले, आणि पाच मिनिटांत भांडं हाताला गरम लागायला लागलं. शेवटी पट्टीची चाळण झाली आणि तळाशी लाल गाळ.

कारण पृष्ठावरचा काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा थर. मिठातलं क्लोराइड तो भेदतं. श्रेणी सांगते कोण कोणाला हटवू शकेल. कधी हटवेल, हे सांगत नाही. ज्यांनी ॲल्युमिनिअम 'निष्क्रिय' म्हणून खोडलं असेल, त्यांनी मिठाचा प्रयोग जरूर करा. भांडं मात्र मोठं घ्या, माझं उतू गेलं.

जस्त, कोळशाने

तीच मूस, तोच भाता, झिंक ऑक्साइड आणि कोळसा. पाऊण तासाने झाकणाच्या फटीतून निळसर-हिरवी ज्योत आली. मला वाटलं काम झालं. उघडल्यावर मूस रिकामी. झाकणाच्या कडेला पिवळी पूड, आणि ती गार होता होता माझ्या डोळ्यांदेखत पांढरी झाली. झिंक ऑक्साइडची हीच खूण: गरम असताना पिवळं, गार झाल्यावर पांढरं.

म्हणजे जस्त निघालं होतं, पण ९०७ अंशाला त्याची वाफ होते, आणि कोळशाने ते सुटायला त्याहूनही जास्त तापमान लागतं. निघतं तेच वाफ होऊन, आणि हवा लागताच जळून पुन्हा ऑक्साइड. राजस्थानातल्या जावरला शेकडो वर्षांपूर्वी कारागिरांनी हा पेच सोडवला होता: वांग्याच्या आकाराच्या मातीच्या मुशा तोंड खाली करून भट्टीत लावायच्या, एका भट्टीत ३६, आणि वाफ खाली गार भागात उतरवून तिथे जस्त गोळा करायचं. माझ्या झाकणाच्या मुशीपुढे ते फारच पुढचं काम आहे. शिवाय तो पांढरा धूर छातीत गेला तर ताप येतो, म्हणून मी हा मार्ग सोडला.

जस्त, विजेने

झिंक ऑक्साइड सौम्य गंधकाम्लात विरघळवलं. ऋणाग्र ॲल्युमिनिअमचा, ५ बाय २.५ सेंटिमीटर, मागची बाजू टेप लावून झाकलेली. धनाग्र ग्रॅफाइटचा. ०.५ अँपिअर, साधारण ३.४ व्होल्ट.

पहिल्या दिवशी राखाडी थर बसला आणि दोन तासांत बुडबुडे काढत विरघळूनही गेला. श्रेणीत जस्त हायड्रोजनच्या वर आहे, म्हणजे पाण्यातून खरं तर आधी हायड्रोजनच सुटायला हवा. जस्त बसतं ते केवळ शुद्ध जस्ताच्या पृष्ठावर हायड्रोजन सुटायला नाराज असतो म्हणून. द्रावणात तांब्याचा अंश असला की ते आधी जाऊन चिकटतं, त्या जागी हायड्रोजन मोकळा होतो आणि शेजारचं जस्त विरघळतं.

उपाय श्रेणीतच होता. द्रावणात जस्ताची भुकटी टाकून रात्रभर हलवत ठेवलं. सकाळी ती काळवंडलेली, म्हणजे खालच्या धातूंना तिने बाहेर काढलं. कारखान्यातही द्रावण असंच जस्ताच्या भुकटीने साफ करतात. गाळून पुन्हा वीज लावली. चार तासांनी कडांना शेवाळासारखी वाढ आणि मध्ये घट्ट, राखाडी पत्रा. सोलून वजन केलं: १.९८ ग्रॅम. फॅरेडेच्या हिशेबाने (जितकी वीज गेली, तितका धातू बसतो) २.४४ हवं होतं, म्हणजे ८१ टक्के. बाकीची वीज हायड्रोजनमध्ये गेली.

ॲल्युमिनिअमच्या पायरीवर मी चढणार नाही. त्याचं ऑक्साइड २००० अंशांच्या वर वितळतं. १८८६ मध्ये अमेरिकेत हॉल आणि फ्रान्समध्ये हेरू या संशोधकांनी ते वितळलेल्या क्रायोलाइटमध्ये (ॲल्युमिनिअमच्याच एका फ्लोराइड खनिजात) विरघळवून विजेने फोडलं, तेही साधारण ९५० अंशांवर, आणि फ्लोराइडच्या धुरात. ते कारखान्यालाच शोभतं.

पुढच्या खेपेला हा पापुद्रा नवसागर टाकून वितळवायचा. जस्त ४२० अंशाला वितळतं, त्यामुळे भाता नको, साधी शेगडी पुरेल. फक्त वारा पाठीमागून असला पाहिजे.