कालनिर्णयवरचे लाल गोल

मे महिन्यातली दुपार. सक्करदऱ्यातल्या माझ्या दवाखान्यात कूलरचं पाणी संपलेलं आणि समोर सासू-सून. सून बँकेत कॅशवर बसते. तिच्या मांडीवर रिपोर्टांची पिशवी : थायरॉईड, हिमोग्लोबिन, सोनोग्राफी, सगळं नॉर्मल. सासूबाईंनी मात्र गुंडाळी करून कालनिर्णय आणलं होतं.

"पाहा ना डॉक्टरबाई, पंधरा-वीस दिवस पोरगी सोन्यासारखी राहते. मंग अंगात आल्यावानी करते. मी तारखाच मांडून ठेवल्या. उद्या इच्या माहेरचे म्हणतीन, सासूच खोटी."

दुधाच्या खाड्यांशेजारी लाल बॉलपेनचे गोल. मार्चमध्ये १४ ते २२, एप्रिलमध्ये ११ ते १९. मी सुनेला पाळीच्या तारखा विचारल्या. २३ मार्च, २० एप्रिल. पाळी आली की गोल बंद!

मी सरसावून बसले. पाळीआधीच्या या त्रासाचं निदान रक्ताच्या रिपोर्टात सापडत नाही. सलग दोन पाळ्यांची रोजची नोंद लागते, तीही खरं तर बाईनं स्वतः केलेली. अशी वही मी कितीजणींना दिली, पण भरून आणणाऱ्या बोटांवर मोजण्याइतक्या. इथे सासूनं ती रागाच्या भरात भरली होती.

सासूबाईंना बाहेर बसवलं.

"त्या दिवसांत नोटा तीनतीनदा मोजते मॅडम, तरी भरवसा वाटत नाही. घरी आले की बाथरूमचा नळ सोडून रडते."

जिवाचं बरंवाईट करावंसं वाटतं का, हे मी थेट विचारलं. (विचारल्यानं तसे विचार डोक्यात शिरतात, ही समजूत खोटी आहे.)

"नाही. फक्त कुठंतरी निघून जावंसं वाटते."

मागच्या वर्षी हिलाच मी प्रोजेस्टेरॉनच्या गोळ्या दिल्या होत्या. यात त्यांचा फारसा उपयोग होत नाही हे ठाऊक असून, ओपीडीच्या गर्दीत. जुन्या चिठ्ठीवरचं स्वतःचं अक्षर पाहून ओशाळले.

कॅल्शियम, सकाळचं चालणं सांगितलं, पण एवढ्यानं भागणार नव्हतं. ड्रोस्पिरेनोनवाली गर्भनिरोधक गोळी लिहिणार, तोच कळलं की हिला डोळ्यांपुढे नागमोडी चमक येऊन अर्धशिशी उठते. म्हणजे त्या गोळीतलं इस्ट्रोजेन हिला धोक्याचं, गोळी बाद. उरली सर्ट्रालीन, ५० मिलिग्रॅम.

तिनं लगेच मोबाइलवर नाव शोधलं. "ही तर डिप्रेशनची गोळी. मी वेडी आहे का?"

म्हटलं, तुझे हार्मोन्स ठीकच आहेत. त्यांच्या नेहमीच्या चढउतारानंच तुझा मेंदू बिथरतो. डिप्रेशनमध्ये या गोळीचा गुण यायला आठवडे लागतात, इथे काही दिवसांतच येतो. म्हणून पाळीआधीचे चौदा दिवस घ्यायची, पाळी आली की बंद.

ऑगस्टमध्ये दोघी परत आल्या, कालनिर्णयसकट. जुलैच्या पानावर दोनच गोल. एक पाळीच्या आदल्या दिवशीचा. दुसरा पाळीनंतर आठव्या दिवशी. त्यावर मी बोट ठेवलं.

"त्याचा गोळीशी काही संबंध नाही मॅडम," सून म्हणाली. "माझा पगार भाऊजींच्या गाडीत घालायला निघाले होते."

सासूबाई कालनिर्णय गुंडाळू लागल्या.