बाईंची कळण्याची भाकर

शाळेच्या स्मरणिकेसाठी काहीतरी लिहून द्या, असा फोन आला तेव्हा मी ड्यूटीवरून रिक्षाने घरी येत होते. फोन ठेवला आणि आधी बाईच आठवल्या. नाव लिहीत नाही. आपल्या बोर्डिंगात 'बाई' म्हटलं की कोण, हे सगळ्यांना ठाऊक आहे.

गोष्ट 1992 ची. आपण तेव्हा धुळे जिल्ह्यातच होतो, नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो 1998 ला. मी दहावीत होते. दिवाळी झाली की आई-बाबा उचल घेऊन बारडोलीकडे ऊसतोडीला जायचे, तसे त्या वर्षीही गेले. नवापूरच्या फलाटावर, जो अर्धा महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे, बाबांनी माझ्या हातात वीस रुपये ठेवले. तीच शेवटची भेट. डिसेंबरात तिकडे उसाची गाडी उलटली. नाताळ आठ दिवसांवर होता.

गावी माती दिली. सांत्वनाला आलेले एक गृहस्थ आईला म्हणाले, "प्रभूची इच्छा. विश्वास असला की रडू येत नाही." माझी आई त्यानंतर माणसांसमोर रडलीच नाही. मी बोर्डिंगात परतले ती संध्याकाळच्या प्रार्थनेला पाऊल टाकायचं नाही असं ठरवून. जेवणाची घंटा झाली तरी उठायची नाही.

तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरामागच्या कडुलिंबाखाली बसले होते. बाई आल्या. मला वाटलं, आता बोलणी बसणार. त्या खाली मातीतच बसल्या, चांगलं इस्त्रीचं लुगडं नेसून. पदराखालून फडकं काढलं. आत कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची, भाकर होती, निखाऱ्यावर फुगवलेली, एका कडेला काळा डाग पडलेली, वर लसणाची चटणी आणि तेलाची धार. बाई अमळनेरकडच्या, वर्गात शुद्ध बोलायच्या, पण मायेनं बोलल्या की अहिराणीच यायची. म्हणाल्या, "आधी खाई ले, मंग रड." मी खाल्लं. मग खूप रडले. त्या काही बोलल्या नाहीत, पाठीवरून हातसुद्धा फिरवला नाही. नुसत्या बसून राहिल्या, अंधार पडेपर्यंत.

प्रार्थनेला का आली नाहीस, हे त्यांनी कधीच विचारलं नाही. आठवड्याने मात्र बायबल घेऊन आल्या आणि एलिया संदेष्ट्याची गोष्ट काढली. राणीच्या धाकाने रानात पळालेला, रतामाच्या झुडपाखाली बसून देवाकडे मरण मागणारा एलिया. "देवदूत आला तेव्हा त्याने उपदेश केला का?" बाईंनी विचारलं. "निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. ऊठ, खा. तो खाऊन परत झोपला, तर दुसऱ्यांदा उठवून पुन्हा खायला घातलं, कारण वाट लांब होती. मग तो चाळीस दिवस चालला, होरेब डोंगरापर्यंत." नंतर त्यांनी तेरावं स्तोत्र उघडलं. पहिल्या दोन वचनांत दावीद देवाला चार वेळा एकच विचारतो, अजून कुठवर? बाईंनी बोट ठेवून चारही मला मोजायला लावले. "हे पवित्र शास्त्रातच आहे, पोरी. तुला विचारायची लाज कशाची?"

त्या रात्री मी प्रार्थनेला जाऊन मागे बसले. मार्चमध्ये पास झाले, नर्सिंगला गेले, आज धुळ्यात इनचार्ज सिस्टर आहे. हे सगळं त्या भाकरीवर उभं आहे, असं मी मनापासून मानते.

2021 च्या मे महिन्यात माझे यजमान करोनाने गेले. मी तेव्हा रोज त्याच आजाराच्या वॉर्डात काम करत होते. फोनवर पुन्हा तीच वाक्यं, प्रभूची इच्छा. दीड महिना बायबल उघडलं नाही. मुलीने पुढे केलेलं ताट संपवायचं आणि झोपायचं, एवढंच जमत होतं, आणि रात्री जाग आली की कुठवर, कुठवर. तेवढीच माझी प्रार्थना. पण ती प्रार्थना आहे हे मला बाईंमुळे माहीत होतं, म्हणून प्रभूचा हात सुटला नाही. तेराव्या स्तोत्राच्या सहाव्या वचनात गाणं आहे. माझ्या तोंडी गाणं यायला दोन वर्षं लागली.

आता वॉर्डात कुणी दगावलं की मी नव्या मुलींना सांगते, नातेवाइकांना आधी चहा-बिस्कीट द्या, बसू द्या, कागदपत्रं नंतर.

गेल्या वर्षी शाळेत येऊन गेले. नवी इमारत, टाइल्स, संगणक, सगळं छान आहे. बोर्डिंगात गॅस आलाय, मुलींचे डोळे धुराने चुरचुरत नाहीत, याचा आनंद आहे. पण कडुलिंब तोडलाय. तिथे आता मोटारसायकली लावतात. मला तिथे उभं राहवेना.

संयोजकांना एक विनंती आहे. बाईंना मी स्वतः गाडीने घेऊन येणार आहे. त्यांना आता डाव्या डोळ्याने दिसत नाही आणि स्टेजच्या पायऱ्या चढवत नाहीत. सत्कार खालीच करा, आणि पहिल्या रांगेत त्यांच्या उजव्या हाताची खुर्ची माझ्यासाठी ठेवा.